औलेट मोठं झाल्यावर काय म्हणतात?

सातवीच्या वर्गात पक्ष्यांचा तक्ता लावला होता. 'फॉरेस्ट औलेट'वर छडी टेकवून मी ऐटीत सांगून टाकलं, "रानातलं घुबडाचं पिल्लू." मागच्या बाकावरून आवाज आला, "मंग सर, थे मोठं झाल्यावर त्याले काय म्हनतात?" संग्रामपुरात इतकी वर्षं इंग्रजी शिकवतोय, पण उत्तर सुचेना. घरी येऊन शब्दकोश उघडला.

'औल' हा शब्द घुबडाच्या घुमण्यावरूनच पडलेला. लॅटिनमध्ये 'उलुला', संस्कृतात 'उलूक'. पुढचं 'एट' म्हणजे लहानपण दाखवणारा प्रत्यय. आपल्याकडे डब्याची डबी होते, तशी औलची औलेट. घुबडाच्या पिल्लाला औलेट म्हणतातच, पण ठेंगण्या जातीच्या पुऱ्या वाढलेल्या घुबडालाही म्हणतात. माझी चूक झाली ती इथे. हा पक्षी जेमतेम वीतभर. इंग्रजांनी त्याचं माप पाहिलं, आपण रंग पाहिला. पिंगट म्हणून पिंगळा.

वावरातल्या निंबावर दिसतो तो साधा पिंगळा. डोक्यापाठीवर पांढरे ठिपके, म्हणून 'स्पॉटेड औलेट'. फॉरेस्ट औलेट म्हणजे रानपिंगळा; त्याच्या डोक्यावर ठिपके जवळपास नसतातच.

'फॉरेस्ट'ची गंमत आणखी वेगळी. बहुतेक कोशकार तो लॅटिन 'फोरिस'पर्यंत, म्हणजे 'बाहेर'पर्यंत नेतात. या 'फोरिस'चं नातं संस्कृत 'द्वार'शी, म्हणजे आपल्या दाराशी. दाराबाहेरचं ते फॉरेस्ट; युरोपात राजाच्या शिकारीसाठी राखलेलं.

हा पक्षी खरोखरच बरीच वर्षं दाराबाहेर राहिला. ब्लुइट नावाच्या एका संग्राहकांनी १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडात त्याचा पहिला नमुना मिळवला. पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि नावात ब्लुइट गुंफले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. १८८४ मध्ये खानदेशात मिळालेल्या नमुन्यानंतर पक्षी गायबच झाला. जगभरच्या संग्रहालयांत त्याची उणीपुरी सात कातडी उरली. शेवटी नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ दिसला, तब्बल ११३ वर्षांनी! पुढे मेळघाटातही सापडला. आमच्या तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य त्याच मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडतं, म्हणून तर तक्त्यावर माझी छडी आधी त्याच्याकडे वळली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. "मोठं झालं तरी ते औलेटच. डबी जुनी झाली म्हणून तिचा डबा होत नाही."

मागचा बाक क्षणभर गप्प. मग म्हणाला, "समजलं सर. आमच्या छोटूकाकावानी. साठीचे झाले, तरी छोटूच."

शब्दकोशात इतकं सोपं करून कुठे लिहिलं नव्हतं.