पाळी जाण्याच्या वयात अंगाकडे बघा

शेतकरी भगिनींनो, खत किती टाकावे, फवारणी केव्हा करावी हे सांगत मी २८ वर्षे गावोगाव हिंडले. आजचा विषय घरातला आहे. पुरुषमंडळींनीही वाचावा, यात लाजण्यासारखे काही नाही.

४७ व्या वर्षी माझी पाळी मागेपुढे होऊ लागली. रात्री एकाएकी अंगाची लाही व्हायची, घाम फुटायचा. दोन वर्षांत वजन सात किलोने वाढले. गाईच्या खुराकाचे तक्ते मी लोकांना लिहून देत होते, स्वतःच्या ताटाचा हिशेब मात्र कधी केला नव्हता!

सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली, असे डॉक्टर धरतात. आपल्याकडे बहुधा ४५ ते ५० च्या दरम्यान हे घडते. अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन कमी होते, त्यामुळे चरबी पोटावर साठू लागते आणि हाडे झपाट्याने विरळ होतात. वयाबरोबर स्नायूही घटतात, म्हणून पूर्वीइतकेच जेवण आता अंगावर चढते.

राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला, असे पुष्कळजणी विचारतात. खुरपणीच्या दिवसांत ठीक आहे. पण जाते गेले, पाणी नळाला आले, मळणी यंत्रावर होते. आणि चहा मात्र दिवसातून पाच वेळा, भरपूर साखरेचा! मी तो दोन वेळांवर आणला, तेव्हा पहिला फरक दिसला. रोज अर्धा तास झपझप चाला. उपवासाने वजन उतरेल या भरवशावर राहू नका. साबुदाण्याची खिचडी भाकरीपेक्षा जडच पडते.

घरची बाई सगळ्यांच्या मागून जेवते. तिच्या वाट्याला भाकरी आणि रस्सा उरतो, वर उरलेसुरले टाकवत नाही म्हणून तेही खाते. एक भाकरी कमी करा, पण डाळ, उसळ, अंडे कमी करू नका. पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असते. तीळ, शेवग्याचा पाला, ताक हेही हवेच. सगळे दूध डेअरीला घालू नका, एक पेला स्वतःसाठी ठेवा.

आता पिशवीविषयी. 'मुले झाली, आता काढून टाका' असा सल्ला सहज दिला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची २०१९ साली सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. बरोबर अंडाशयेही काढली तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम सुरू होतो. माझ्या मावसबहिणीचे ३२ व्या वर्षी असेच झाले. पन्नाशीच्या आत ती अंगणात घसरली आणि मनगट मोडले. काही आजारांत हे ऑपरेशन खरोखर लागते, ते टाळू नये. पण औषधाने भागेल का, अंडाशये राहतील का, हे विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थोडासा जरी रक्तस्राव झाला, तर 'पाळी परत आली' म्हणून गप्प बसू नका. क्वचित तो कर्करोगही असू शकतो. सुगी असो की लग्नसराई, त्याच आठवड्यात तपासून घ्या.