शकुंतलेचे इंजिन कोणत्या शतकाचे?

यवतमाळ ते मूर्तिजापूर हा सुमारे ११३ किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग आणि त्यावरून धावणारी ‘शकुंतला’ यांना वऱ्हाडच्या लोकजीवनात वेगळे स्थान आहे. गाडी थांबली, आठवणी उरल्या; पण केवळ आठवणींवर इतिहास उभा राहत नाही. या गाडीचे वाफेचे इंजिन राणीच्या अमदानीतले, म्हणजे एकोणिसाव्या शतकातले असावे, असा समज सहज होतो. तो तपासून पाहिला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात यवतमाळला रेल्वे नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची मुख्य वाहिनी वऱ्हाडातून १८६७ साली नागपूरला पोहोचली. परंतु यवतमाळचा कापूस बैलगाड्यांनी धामणगावच्या स्थानकापर्यंत न्यावा लागे. यवतमाळला गाडी आली ती विसाव्या शतकात. तिच्या आरंभाचे वर्षही एकमुखाने सांगितले जात नाही. कुणी १९०३ म्हणतो, कुणी १९१०, तर कुणी १९१६. किलिक निक्सन ही पेढी मुंबईत १८५७ साली स्थापन झाली. पेढीचे वर्ष लोहमार्गाला आणि लोहमार्गाचे वर्ष इंजिनाला चिकटले, की घोटाळा पुरा होतो.

मार्गाच्या वयावरून इंजिनाचे वय ठरत नाही, हेही खरे. नव्या मार्गावर जुने इंजिन आणता येते आणि जुन्या मार्गावर नवे. शिवाय दीर्घकाळ चालणाऱ्या इंजिनाचे बाष्पपात्र बदलते, चाके बदलतात, एकाचे भाग दुसऱ्याला बसवले जातात. अशा वेळी निर्णायक ठरते ती कारखानदाराची धातूची पट्टी, तिच्यावरील अनुक्रमांक आणि कारखान्याच्या नोंदवहीतील त्याच क्रमांकाची ओळ. शकुंतलेला सुमारे सात दशके ओढणारे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधले गेले, १९२३ मध्ये कामावर रुजू झाले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त होऊन त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली, असे सांगितले जाते. तेव्हा राणीच्या काळाचा दावा टिकत नाही. त्याने इंजिनाची थोरवी मात्र तसूभरही कमी होत नाही.

नोंद जपली तर काय साधते, याचे उदाहरण ‘फेअरी क्वीन’ आहे. १८५५ साली लीड्सच्या किटसन, थॉम्पसन अँड ह्युइटसन कारखान्याने बांधलेले हे इंजिन आजही जतन केलेले आहे आणि त्याच्या जन्माविषयी वाद नाही. उलट १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या गाडीला जोडलेल्या साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांपैकी एकही आज पाहायला मिळत नाही. नावे उरली, लोखंड गेले.

या मार्गाच्या रुंदीकरणाची मागणी रास्त आहे. यवतमाळला आधुनिक रेल्वे हवीच. परंतु जुने रूळ उखडण्यापूर्वी स्थानकांतील वह्या, इंजिनांच्या पट्ट्या, दुरुस्तीचे कागद आणि जुन्या चालक-फायरमनांच्या आठवणी एकत्र केल्या पाहिजेत. रेल्वे प्रशासन, जिल्हा प्रशासन आणि स्थानिक महाविद्यालये यांनी मनावर घेतले तर हे काम फार खर्चाचे नाही. एकदा लोखंड भंगारात गेले, की उरते ती केवळ दंतकथा. आणि दंतकथेला साक्षीदार नसतात.