अनाथाश्रमाच्या औषधावर उभं राहिलेलं वैद्यकशिक्षण: जर्मनीतल्या हालेपासून तंजावरच्या मराठा दरबारापर्यंत

तंजावरचे सरफोजीराजे दुसरे, त्यांचं सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वराच्या मंदिरातला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख, हे सगळं सीमाभागातल्या वाचकांना ऐकून तरी माहीत असतं. याच राजांनी औषधांवर काम करणारा धन्वंतरी महाल चालवला आणि डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसह नोंदी ठेवल्या, हे त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे. आणि त्यांना लहानपणी सांभाळणारा माणूस जर्मनीतल्या हाले विद्यापीठात शिकलेला ल्युथरन पाद्री होता, हे तर फारच थोड्यांना. त्या विद्यापीठात नेमकं काय चालायचं, हे समजून घेण्यासारखं आहे.

हाले विद्यापीठ सुरू झालं 1694 साली. मार्टिन ल्युथरच्या पंथात तेव्हा एक चळवळ जोर धरत होती. तिचं म्हणणं सरळ होतं: धर्म नुसता प्रवचनात नको, तो रोजच्या वागण्यात दिसला पाहिजे. आउगुस्ट हेर्मान फ्रांके हा या चळवळीचा हालेतला मुख्य माणूस. विद्यापीठात प्राध्यापक आणि शहराबाहेरच्या ग्लाउखा या गरीब वस्तीत पाद्री, अशी दोन्ही कामं तो करायचा. 1695 मध्ये त्याच्या दानपेटीत एकाच वेळी चार थालर आणि सोळा ग्रोशन एवढी रक्कम मिळाली. तेवढ्या भांडवलावर त्याने गरिबांच्या मुलांची शाळा काढली. तीनच वर्षांत अनाथाश्रमाच्या मोठ्या इमारतीची पायाभरणी झाली.

फ्रांकेची खरी हुशारी पुढच्या व्यवस्थेत होती. विद्यापीठातल्या गरीब विद्यार्थ्यांना अनाथाश्रमात फुकट जेवण मिळे, आणि त्या बदल्यात त्यांनी तिथल्या मुलांना शिकवायचं. म्हणजे सेवा ही फावल्या वेळची गोष्ट नव्हती, शिक्षणाचा खर्चच तीतून भागत होता.

पण एवढा पसारा दानावर चालत नाही. अनाथाश्रमाचं औषधालय 1698 मध्ये सुरू झालं, आणि ख्रिस्तियान फ्रीडरिश रिश्टर या तरुण डॉक्टरने ते नावारूपाला आणलं. रिश्टर भजनंही रचायचा आणि औषधंही करायचा. त्याचं सगळ्यात गाजलेलं औषध म्हणजे सोन्यापासून केलेला एक अर्क, ‘एसेन्शिया डुल्सिस’. औषधांची पेटी आणि सोबत ती कशी वापरायची याचं पुस्तक, अशी विक्री चाले. ज्या गावात डॉक्टर नाही, तिथल्या घरात ही पेटी पोचायची. रशियापासून अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियापर्यंत हा माल गेला आणि त्याच्या नफ्यावर अनाथ मुलं जेवली.

इथे जरा थांबायला हवं. सोन्याचा अर्क खरंच बरं करत होता का? आजच्या रसायनशास्त्राच्या कसोटीवर त्याचे दावे टिकणारे नाहीत. भक्तिभावाने चालणाऱ्या संस्थेचं नाव त्या बाटलीवर होतं, आणि विश्वास त्या नावामुळे बसत होता. श्रद्धेच्या नावावर औषध विकलं जातं तेव्हा चांगल्या हेतूने प्रश्न मिटत नाही, मग नफा कुठेही जावो. हालेच्या कथेतली ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आत्मा की यंत्र?

विद्यापीठाच्या वैद्यक विभागात सुरुवातीचे दोन मोठे प्राध्यापक होते, फ्रीडरिश हॉफमान आणि गेओर्ग एर्न्स्ट श्टाल. दोघांचं पटत नसे. हॉफमानच्या मते शरीर हे यंत्र. श्टाल म्हणे, शरीर चालवतो तो आत्मा, आणि ताप म्हणजे रोगाला बाहेर काढायची शरीराचीच खटपट. त्यामुळे डॉक्टरने उगाच आडवं येऊ नये, सौम्य उपाय करावेत, वाट पाहावी. सिद्धांत म्हणून श्टालचं म्हणणं मागे पडलं. पण सरसकट रक्त काढण्याच्या आणि जालीम जुलाब देण्याच्या त्या काळात ‘थांबून बघा’ हा सल्ला रुग्णाच्या फायद्याचाच ठरत असणार.

श्टालचा अनुयायी योहान युंकर अनाथाश्रमाचा डॉक्टर झाला आणि त्याने शिकवण्याची पद्धतच बदलली. तोवर बहुतेक ठिकाणी वैद्यक म्हणजे लॅटिन ग्रंथांचं वाचन. हॉलंडमधल्या लायडनला रुग्णाच्या खाटेपाशी शिकवत, पण जर्मन मुलखात ही प्रथा रुजली नव्हती. युंकरने गरीब रुग्णांना फुकट तपासायला सुरुवात केली आणि विद्यार्थ्यांना जवळ बसवलं. विद्यार्थ्याने विचारायचं, तपासायचं, उपाय सुचवायचा आणि युंकरने तो पारखायचा. आज आपल्याकडच्या कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत हेच दिसतं. त्यातली अडचणही तीच आहे: गरिबाला उपचार मिळतो, पण शिकाऊ हात आधी त्याच्यावरच बसतो.

युंकरच्या हयातीतली सगळ्यात मोठी घटना एका बाईची. क्वेडलिनबुर्गची डोरोथिया एर्क्सलेबेन डॉक्टर वडिलांकडून वैद्यक शिकली. बायकांना शिक्षणापासून कोण नि का अडवतं, यावर तिने 1742 मध्ये पुस्तक छापलं. प्रशियाच्या राजाने तिला हालेत परीक्षा द्यायची परवानगी त्याआधीच दिली होती. पण तिचं लग्न एका विधुर पाद्र्याशी झालं. त्याची पाच मुलं, मग स्वतःची चार, आणि घर सांभाळता सांभाळता गावातल्या गरिबांवर उपचार. शेवटी गावातल्या डॉक्टरांनीच ती भोंदू असल्याची तक्रार केली, तेव्हा ती परीक्षेला उभी राहिली. तिच्या प्रबंधाचा विषय मार्मिक होता: झटपट आणि सुखाने बरं करायच्या नादात उपचार बेभरवशाचा कसा होतो. युंकरने तिची परीक्षा घेतली आणि 1754 मध्ये ती जर्मनीतली वैद्यकाची पदवी मिळवणारी पहिली स्त्री झाली. त्यानंतर तिथल्या बायकांना दीडशे वर्षं वाट पाहावी लागली, हेही सांगितलं पाहिजे.

तरंगमबाडी आणि तंजावर

हालेत शिकलेला बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग आणि त्याचा सोबती हाइनरिश प्लुत्शाउ 1706 मध्ये डेन्मार्कच्या ताब्यातल्या तरंगमबाडीला उतरले. मागोमाग हालेची औषधं आली, मग डॉक्टर. पहिला डॉक्टर श्लेगेलमिल्श 1730 मध्ये आला आणि त्याच वर्षी वारला. पुढे आलेला योहान गेरहार्ड क्योनिग हा लिनियसचा शिष्य. त्याचं नाव आज डॉक्टर म्हणून कमी आणि इथल्या वनस्पतींचा अभ्यासक म्हणून जास्त घेतलं जातं.

क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ याच वाटेने 1750 मध्ये आला आणि पुढे तंजावरला स्थिरावला. तुळजाजीराजांनी मरणापूर्वी, 1787 मध्ये, दत्तक मुलगा सरफोजी त्याच्या देखरेखीखाली दिला. गादीच्या भांडणात मुलाच्या जिवाला धोका दिसू लागला तेव्हा त्याला मद्रासला हलवण्यात आलं. तिथे हालेच्याच परंपरेतल्या गेरिकेने त्याला शिकवलं. 1798 मध्ये श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आला.

पण सरफोजीराजे ख्रिस्ती झाले नाहीत. देवळांचे आश्रयदाते आणि काशीयात्रा करणारे हिंदू राजेच ते राहिले. धन्वंतरी महालात त्यांनी आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा सगळ्या पद्धतींना जागा दिली. पारखून घेतलेले उपचार तमिळ पद्यांत लिहून ठेवले गेले. याचं श्रेय एकट्या हालेला देणं चूक ठरेल. राजांची स्वतःची बुद्धी, इंग्रज डॉक्टर आणि तमिळ वैद्य या साऱ्यांचा त्यात वाटा होता. तरी रुग्ण बघायचा, नोंद ठेवायची, मग बोलायचं, ही शिस्त श्वार्ट्झ आणि गेरिकेच्या शिष्याला परकी वाटली नसावी. गुरूच्या स्मरणार्थ राजांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे आणि त्यात मरणशय्येवरच्या पाद्र्याचा हात हातात घेतलेले राजे दिसतात.