बोअर वाढले, पाणी वाढले का?

गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत बोअरची गाडी येते तो दिवस मुलांना सणासारखाच वाटतो. पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून प्लॉटभर फिरतो, जागा ठरते, पूजा होते आणि यंत्राची घरघर सुरू होते. आधी माती उडते, मग मुरूम, मग काळ्या खडकाची राखाडी भुकटी. सगळ्यांचे डोळे त्या भुकटीवर खिळलेले असतात. ती ओली झाली की 'दीड इंची लागलं', 'दोन इंची लागलं' म्हणत पेढे वाटले जातात. नाही झाली तर 'नुसता फुफाटा उडाला' म्हणत मंडळी घरी परततात.

अशाच एका वसाहतीजवळच्या शाळेत आम्ही भूजलाविषयी बोलायला गेलो होतो. नववीतल्या एका मुलीने विचारले, "आमच्या गावात आता आणखी वीस बोअर घेणार आहेत. म्हणजे पाणी वीस बोअरनं वाढेल ना?"

प्रश्न सरळ आहे आणि हिशेबही सरळ वाटतो. एका बोअरमधून जितके पाणी मिळते त्याच्या वीसपट वीस बोअरमधून मिळणार. वाढत्या गावांचे कारभारी नेमका हाच हिशेब करतात. तो कुठे चुकतो हे समजण्यासाठी आधी जमिनीखाली डोकावायला हवे.

खडकात पाणी राहते कुठे?

जमिनीखाली मोठे तळे किंवा वाहती नदी असते, अशी अनेकांची कल्पना असते. वर्गात एक साधा प्रयोग करून ती दूर करता येते. एक कोरडी वीट आणि साधारण तेवढाच काळा दगड घ्या. दोन्ही वजन करून रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी वरचे पाणी पुसून पुन्हा वजन करा. विटेचे वजन चांगलेच वाढलेले दिसेल, दगडाचे जवळजवळ तेवढेच राहील. मग दगडात पाणी शिरायचे तरी कसे? भेगांतून. अखंड दगडात पाणी मुरत नाही, पण फुटलेल्या, झिजलेल्या, भेगाळलेल्या दगडात मुरते.

महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के क्षेत्राखाली हाच काळा खडक, म्हणजे बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थंड झाले. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतल्या कित्येक पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरल्या. या ठिपकेदार खडकाला विहिरी खोदणारे लोक 'मांजऱ्या' म्हणतात. तो लवकर झिजतो आणि पाणी धरतो. थराचा खालचा भाग मात्र घट्ट, काळा पाषाण असतो. त्यात उभ्याआडव्या भेगा असतील तरच पाणी सापडते. दोन थरांच्या मध्ये कधी कधी गेरूसारखी लाल माती लागते.

म्हणजे आपल्याकडचे पाणी मुख्यतः वरच्या मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात आणि भेगांत असते. ते किती असते? पाण्याने भरलेल्या अशा १०० घनमीटर खडकातून साधारण १ ते ३ घनमीटर पाणी निथळून मिळते. नदीकाठच्या वाळूत हेच प्रमाण १५ घनमीटरच्या आसपास असते. हा फरक लक्षात ठेवू, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

एका चौरस किलोमीटरचा हिशेब

फळ्यावर एक चौकोन काढू. त्याची लांबी आणि रुंदी प्रत्येकी एक किलोमीटर. वर्षाचा पाऊस ७५० मिलिमीटर धरू. चौकोनावर पडणारे पाणी होईल ७५ कोटी लिटर. आकडा ऐकून मुले खूश होतात. पण यातले बरेच पाणी वाहून जाते, बरेच वाफ होऊन किंवा झाडापिकांतून हवेत जाते. बेसाल्टच्या प्रदेशात साधारण दहावा हिस्सा भूजलापर्यंत पोहोचतो असे धरले, तर उरतात साडेसात कोटी लिटर.

आता माणशी रोज १०० लिटर पाणी धरू. वर्षाला झाले ३६,५०० लिटर. साडेसात कोटीला या संख्येने भागा. उत्तर येते सुमारे २,०००. याचा अर्थ, एका चौरस किलोमीटरवर दरवर्षी मुरणारे पाणी जास्तीत जास्त दोन हजार माणसांना पुरेल. तेही शेतीला एक थेंब न देता! दाट वस्तीच्या शहरात तेवढ्याच जागेत दहा हजार माणसे सहज राहतात.

शहराभोवती शेतीही असतेच. उसाच्या एका हेक्टरला, पावसाचे पाणी धरून, वर्षभरात सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागते. त्यातून पावसाचे ७५ लाख लिटर वजा केले तरी सव्वा कोटी लिटर उरतात. ते साडेतीनशे माणसांचे वर्षभराचे पाणी झाले.

आणखी एक गणित करू. हे साडेसात कोटी लिटर पाणी आपण उपसले, तर भूजलाची पातळी किती खाली जाईल? शंभरात २ घनमीटर पाणी देणाऱ्या खडकात ती पावणेचार मीटरने उतरेल. शंभरात १५ घनमीटर देणाऱ्या वाळूत उतरेल फक्त अर्धा मीटर. उपसा तेवढाच, पण आपल्या खडकात आडाचा तळ लवकर दिसतो.

एका बादलीत तीन नळ्या

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. एका बादलीत जाड वाळू भरा. तळाकडे छिद्रे पाडलेल्या तीन नळ्या तिच्यात उभ्या रोवा. बादलीत पाणी ओता आणि तिन्ही नळ्यांतली पातळी काडीने मोजा. मग सुई नसलेल्या सिरिंजने, तिला बारीक रबरी नळी जोडून, एकाच नळीतून अर्धा लिटर पाणी काढा. थोडे थांबून पुन्हा पातळी मोजा. तिन्ही नळ्यांतले पाणी उतरलेले दिसेल. पुढच्या वेळी तेच अर्धा लिटर तिन्ही नळ्यांतून थोडे थोडे काढा. पातळी तेवढीच उतरेल. नळ्या वाढवल्या म्हणून बादलीतले पाणी वाढले नाही. ते लवकर काढता मात्र आले.

प्रत्यक्षात पंप सुरू झाला की बोअरभोवतालचे पाणी उतरून नरसाळ्याच्या आकाराचा खळगा तयार होतो. उपसा वाढला की तो खोल आणि रुंद होतो. दोन बोअर जवळ असले तर त्यांचे खळगे एकमेकांत मिसळतात आणि दोघांचेही पाणी कमी होते. खडकातल्या भेगा सगळीकडे सारख्या नसल्यामुळे गंमत अशी होते, की शेजारच्या बोअरला काहीच होत नाही आणि तीनशे फुटांवरच्या बोअरचे पाणी मात्र तुटते. पाणाड्याचे भाकीत कधी खरे ठरते, कधी नाही, त्यामागेही भेगांची हीच विषम रचना असते.

या ओढाताणीत सर्वांत आधी हरते ती उथळ विहीर. शहराने गावाच्या शिवेवर खोल बोअर घेतला की शेजारच्या चाळीस फुटांच्या विहिरीचे पाणी फेब्रुवारीतच तळाला जाऊ शकते. शहराच्या कागदावर 'पाणीपुरवठ्यात वाढ' अशी नोंद होते. त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्यांची घागर रिकामी राहते, त्याची नोंद कोणत्याच कागदावर होत नाही.

लातूरचा धडा

लातूर हे १९८२ मध्ये जिल्ह्याचे ठिकाण झाले. बाजारपेठ, शाळा-महाविद्यालये, बाहेरगावचे विद्यार्थी यांमुळे शहर वाढत गेले. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या पुढे गेली. त्याच वर्षी तेथे महानगरपालिका झाली. शहराचा मुख्य आधार मांजरा नदीवरचे धरण. नळाचे पाणी पुरेना तेव्हा घरोघरी आधार होता तो बोअरचा.

मग ओळीने कमी पावसाची वर्षे आली आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी करण्यावर १४४ कलम लावावे लागले. १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी येऊ लागली. केवढे मोठे काम! पण चार लाख लोकांत ते वाटले तर माणशी सहा लिटर, म्हणजे जेमतेम अर्धी बादली.

बोअर तर शहरात भरपूर होते. मग ते कामी का आले नाहीत? कारण धरण आणि बोअर या दोन वेगळ्या तिजोऱ्या नव्हत्या. दोन्ही एकाच पावसाने भरत होत्या. पाऊस रुसला तेव्हा धरण आटले, आणि धरण आटले म्हणून सगळ्यांनी बोअरचा उपसा वाढवला. ज्या वर्षी मुरले कमी, त्याच वर्षी उपसले जास्त.

खोल, आणखी खोल

'पाणी खाली गेलं, तर आपणही खाली जाऊ' हा यावरचा नेहमीचा उपाय. त्या वर्षांत मराठवाड्यात पाचशे, आठशे, हजार फुटांपर्यंत बोअर गेले. पण खडकाला तळ असतो आणि लातूर जिल्ह्यात तो मोजलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भूकंपाचा अभ्यास करण्यासाठी तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यात बेसाल्ट ३३८ मीटरवर, म्हणजे सुमारे अकराशे फुटांवर संपला. त्याखाली गाळाचा काही मीटरचा पातळ थर आणि मग अतिप्राचीन स्फटिकमय खडक लागला. खोलवर एखाद्या थराच्या सांध्यात पाणी मिळत नाही असे नाही. पण वरून दाब वाढत जातो तशा भेगा मिटत जातात आणि तिथवर पाऊस पोहोचायला फार काळ लागतो. असे पाणी पहिल्या दिवशी दोन इंची असते, दुसऱ्या उन्हाळ्यात अर्धा इंची होते.

शिक्षकांना हे पगाराच्या भाषेत चटकन समजेल. दरवर्षी मुरणारे पाणी हा पगार, खोल भेगांतले पाणी ही भविष्य निर्वाह निधीतली शिल्लक. अडचणीच्या वेळी शिल्लक जरूर मोडावी, पण ती मोडून दरमहा किराणा भरणाऱ्याला आपला पगार वाढला असे म्हणता येईल का?

मग नवे बोअर घ्यायचेच नाहीत?

तसे आमचे म्हणणे नाही. वाढत्या गावाला पाणी लागणारच आणि नीट निवडलेला बोअर उपयोगी पडतो. फक्त काही प्रश्न आधी विचारायला हवेत. पाणी ऑक्टोबरात पाहिले की मे महिन्यात? पंप तासभर चालवून पाहिला की दिवसभर? उपसा थांबवल्यावर पातळी पूर्ववत व्हायला किती वेळ लागला? शेजारच्या विहिरींची पातळी त्या वेळी मोजली का? आणि जेथून पाणी मुरते तो माळ, ओढा, तळे मोकळे राहणार आहे, की तेथेही प्लॉट पडणार आहेत?

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल अधिनियमाने बंधन घातले. २००९ च्या अधिनियमाने ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हटले आणि तिच्यावर निर्बंधांची तरतूद केली. पण जमिनीखालचे दिसत नाही, म्हणून कायदा मोडलेलाही दिसत नाही. तो दिसायचा तर कोणीतरी मोजायला हवे.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. शाळा हे काम दर शनिवारी करू शकते. गावातल्या तीन-चार विहिरी निवडा. वजन बांधलेली, मीटरच्या खुणा केलेली दोरी विहिरीत सोडा आणि काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर लिहून ठेवा. विहिरीच्या काठावर मुलांसोबत शिक्षक असलेच पाहिजेत. शेजारी पावसाचे आकडे लिहा. गावात नवा बोअर झाला की त्याची तारीखही लिहा. दोन-तीन वर्षांत त्या वहीतून एक आलेख तयार होईल. नगरपालिकेच्या सभेत ठेवण्यासारखा तो कागद असेल.

त्या मुलीला आम्ही लगेच उत्तर दिले नाही, बादली आणि नळ्या मागवल्या. तिसऱ्या नळीची पातळी मोजून झाल्यावर तीच म्हणाली, "म्हणजे बोअर वाढले, पण बादली तेवढीच आहे." बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहिले. खाली तिने स्वतःच एक ओळ वाढवली: "बादलीत वर्षाला किती पडतं, ते आधी मोजायचं."