डोळ्यांचा हिशोब

डोळे ही अल्लाहची नेमत आहे, असे आपण सहज म्हणून जातो. सूरह बनी इसराईलमध्ये मात्र त्यापुढची गोष्ट सांगितली आहे. कान, डोळे आणि हृदय यांच्याबद्दल माणसाला विचारणा होणार आहे. म्हणजे नजर ही नुसती नेमत नाही, अमानतसुद्धा आहे. काय पाहिले, हा त्या हिशोबाचा एक भाग. दिलेली नजर सांभाळली का, हाही त्याचाच भाग मानायला हवा.

नजर सांभाळायची म्हटले की पहिला प्रश्न पैशाचा येतो. आपल्या घरांत त्याचे उत्तरही ठरलेले आहे. आधी मुलांची फी, मग किराणा, मग घरभाडे, आणि उरले तर डोळे. बहुतेक महिन्यांत उरत नाही. पण हिंगण्यातल्या कितीतरी घरांत डोळ्यांच्या तपासणीसाठी आणि ऑपरेशनसाठी दर महिन्याला पैसे आधीच भरले जातात. फक्त घरच्यांना ते माहीत नसते.

अमेरिकेत ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी ऐकले असेल. तिथे पुष्कळ नोकरदार पगाराचा काही भाग कर लागण्याआधीच आरोग्याच्या खात्यात वळवतात. त्या पैशांतून डोळ्यांची तपासणी, नंबरचा चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स असे खर्च करता येतात. या खात्यांच्या एका प्रकारात वर्षअखेर उरलेली रक्कम बरीचशी हातची जाते, म्हणून वर्ष संपता संपता लोक चष्मा बदलून घेतात. आपल्याकडे असे खाते नाही. पूर्वी कंपनीकडून मिळणाऱ्या औषधोपचाराच्या बिलांवर वर्षाला १५ हजार रुपयांपर्यंत कर लागत नसे. २०१८-१९ पासून ती सवलत गेली आणि तिच्या जागी सरसकट प्रमाणित वजावट आली. तरीही पगार हाती येण्याआधी आरोग्यासाठी बाजूला पडणारा पैसा आपल्याकडेही आहे. त्याचे नाव ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा.

हिंगणा एमआयडीसीत काम करणाऱ्या कोणत्याही कामगाराची पगाराची स्लिप घ्या. पगार २१ हजार रुपयांपर्यंत असेल आणि कारखान्यात दहा किंवा जास्त माणसे असतील, तर त्या स्लिपवर ईएसआयची कपात दिसायला हवी. जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के आहे. पगार १६ हजार असेल तर कामगाराचे १२० रुपये कापले जातात आणि मालक ५२० रुपये भरतो. दोन्ही मिळून महिन्याला ६४० आणि वर्षाला ७,६८० रुपये होतात. ठेकेदारामार्फत लागलेल्या कामगारालाही हा कायदा लागू आहे. 'आम्ही तर ठेकेदाराची माणसे' असे म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही.

या पैशाच्या बदल्यात औषधोपचार मिळतो. तो एकट्या कामगाराला नाही, तर त्याची बीवी, त्याच्यावर अवलंबून असलेली मुले आणि आईवडील यांनाही मिळतो. त्यात डोळ्यांचे दुखणे आले, तपासणी आली, मोतीबिंदूचे ऑपरेशनही आले. वाट अशी आहे. आधी कार्डावर नमूद असलेल्या ईएसआय दवाखान्यात जायचे. गरज असेल तर तिथले डॉक्टर पुढे पाठवतात. नागपुरात सोमवारी पेठेत कामगार विमा रुग्णालय आहे. जो उपचार तिथे होत नाही, त्यासाठी करार असलेल्या दुसऱ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. चिठ्ठी न घेता परस्पर खासगी दवाखान्यात गेलो, तर ते बिल बहुधा आपल्याच खिशातून जाते.

ऑपरेशनचे नाव काढले की घरात पुढचा प्रश्न येतो, 'कामावर खाडे पडले तर?' त्याचीही सोय या कायद्यात आहे. ठरलेले दिवस वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. वयोमानाने निवृत्त झालेल्यांसाठीही दार बंद होत नाही. किमान पाच वर्षे विम्याखाली नोकरी झाली असेल, तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांचा औषधोपचार पुढे चालू ठेवता येतो. मोतीबिंदूचे वय तर निवृत्तीनंतरच सुरू होते. हे १२० रुपये न भरल्यामुळे कितीतरी अब्बू-अम्मी या सोयीपासून दूर राहतात.

अडचण बहुतेक वेळा एकाच जागी असते. कार्डावर घरच्यांची नावेच नसतात. नोकरीला लागताना मुलगा अविवाहित असतो. पुढे निकाह होतो, मुले होतात, पण कागद जुनाच राहतो. बीवीला दवाखान्यात नेले की तिचे नाव सापडत नाही, आणि 'ईएसआयचे काही खरे नाही' म्हणत माणूस परत येतो. ही दुरुस्ती कारखान्याच्या ऑफिसमार्फत होते. आधार कार्ड, फोटो आणि नाते दाखवणारा कागद तयार ठेवावा. विमा क्रमांक दहा अंकी असतो. तो घरात सर्वांना दिसेल अशा जागी लिहून ठेवावा.

ज्यांचा पगार २१ हजारांच्या वर आहे, त्यांची वाट वेगळी. आयकरात ८०डी नावाने ओळखली जाणारी सवलत आहे. ती जुनी कररचना निवडणाऱ्यांनाच मिळते. स्वतःच्या, बीवीच्या आणि मुलांच्या आरोग्य विम्यासाठी वर्षाला २५ हजारांपर्यंत वजावट होते. आपल्यापैकी अनेकांना खासगी विम्याबद्दल शरई शंका असते आणि तो विषय आलिमांना विचारूनच ठरवावा. पण विमा घेतला नाही म्हणून ही सवलत आपल्या कामाची नाही, असे समजू नये. तिच्यात दोन दारे अशी आहेत ज्यांना विमा लागत नाही. पहिले, आजार होण्याआधी केलेल्या आरोग्य तपासणीचे ५ हजार रुपयांपर्यंत. ते वरच्या मर्यादेतच धरले जातात आणि हा खर्च रोखीने केला तरी चालतो. डोळ्यांची तपासणी यात बसते. दुसरे, साठ वर्षांवरच्या आईवडिलांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या औषधोपचारावर आपण केलेला खर्च ५० हजारांपर्यंत वजा होतो. यात अट एवढीच की पैसे चेक, कार्ड किंवा मोबाइलवरून द्यावेत, रोखीने नाही. अम्मीच्या मोतीबिंदूचे बिल रोख भरले तर ही वजावट गेली.

२०२५-२६ पासून नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. त्यामुळे पुष्कळ नोकरदारांना ८०डीची गरजच उरलेली नाही. जो कर भरायचाच नाही, त्यात सूट कसली? पण वाचलेला कर घरखर्चात मिसळून जातो आणि डोळ्यांच्या वाट्याला काही येत नाही. अशा घरांनी तो पैसा स्वतःच बाजूला काढायला हवा.

मुलांची गोष्ट मी शाळेत रोज बघते. फळ्यावरचे चुकीचे उतरवणारे मूल आळशी ठरते. शेवटच्या बाकावरून उठून पुढे येणारे खोडकर ठरते. डोके दुखते म्हणणाऱ्या मुलीला 'अभ्यासाचा बहाणा' ऐकावा लागतो. यातल्या काहींना शिकवणीची नाही, नंबरच्या चष्म्याची गरज असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरमधून सुरू झाला. त्यात सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची तपासणी होते, उर्दू शाळांतल्याही. नजर कमी आढळलेल्या शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची सोय सरकारच्या अंधत्व निवारण कार्यक्रमात आहे. तपासणीच्या दिवशी मूल घरी ठेवू नका. विनाअनुदानित शाळेत किंवा मदरशात शिकणारी मुले यात राहून जातात. त्यांच्यासाठी जबाबदार मंडळींनी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे अर्ज करावा, नाहीतर पालकांनी स्वतः तपासणी करून घ्यावी. मुलीला चष्मा लागला तर 'रिश्ता येणार नाही' ही काळजीही सोडून द्यावी. न दिसणाऱ्या फळ्यामुळे मागे पडलेले शिक्षण चष्म्यापेक्षा महाग पडते.

आणि आता ज्यांची पाळी घरात सर्वांत शेवटी येते त्यांच्याबद्दल. चाळिशी ओलांडली की जवळचे दिसेनासे होते. म्हणूनच मराठीत वाचनाच्या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात. अम्मी तांदळातले खडे निवडताना मुलीला हाक मारते, सुईत दोरा ओवायला नातवाला बसवते. मग एक दिवस ती तिलावत कमी करते, कारण अक्षरे एकमेकांत मिसळतात. हे ती कोणाला सांगत नाही. 'वय झाले' म्हणून सोडून देते. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीवरच्या मजुरांना, ज्यांत बहुतांश बायका होत्या, जवळचे दिसण्याचे साधे चष्मे देऊन बघितले होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चष्मा मिळालेल्यांचे काम चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्के अधिक भरले. घरी शिवणकाम, जरीकाम करणाऱ्या आपल्या बहिणींसाठी याचा अर्थ सरळ आहे. चष्मा हा खर्च नाही, कमाईचे अवजार आहे.

फुटपाथवरचा तयार चष्मा डोळ्यांवर लावून 'हा बरा वाटतो' म्हणणे पुरेसे नाही. काचबिंदू दुखत नाही. तो कडेकडेने नजर खात जातो आणि गेलेली नजर परत येत नाही. मधुमेह असेल तर पडद्याची तपासणी दर वर्षी व्हायला हवी. म्हणून आधी तपासणी, मग चष्मा. आपल्या भागात ती फार लांबही नाही. डिगडोहला लता मंगेशकर रुग्णालय आहे, वानाडोंगरीत शालिनीताई मेघे रुग्णालय आहे. शहरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत.

तपासणी आणि ऑपरेशनची सोय अशी लागू शकते. चष्म्याचा खर्च मात्र घरालाच उचलावा लागेल, असे धरून चाला. त्यासाठी आपल्या बायकांकडे एक जुनी पद्धत आहेच, भिशी. दहा जणींनी महिन्याला शंभर रुपये काढले तर हजार होतात. दर महिन्याला एकीचा चष्मा त्यात होऊ शकतो, तोही व्याजाशिवाय. फक्त चिठ्ठी टाकू नये. जिची गरज मोठी तिचा नंबर आधी लावावा. दहा महिन्यांत दहा जणींना नीट दिसू लागेल. गल्लीत एखादी इतकी गरीब असेल की तिला शंभरही जमत नाहीत, तर तिच्यासाठी जकातीचा विचार करावा.

या महिन्यात एवढे करा. पगाराची स्लिप घरातल्या कर्त्या बाईच्या हातात द्या. ईएसआयच्या कार्डावर कोणाची नावे आहेत ती मोजा आणि घरात माणसे किती आहेत तेही मोजा. फरक निघाला तर पुढच्या सोमवारी ऑफिसात अर्ज द्या. आणि मगरिबनंतर अम्मीसमोर कुरआन शरीफ ठेवून प्रेमाने विचारा, अक्षरे स्पष्ट दिसतात का? ती 'चालते रे' म्हणाली, तर ते उत्तर 'नाही' असे समजा आणि तपासणीचा दिवस ठरवून टाका.