तांब्याचा काठ

तांब्याच्या मोठ्या कारंज्याबद्दल पहिला गैरसमज वजनाचा असतो. सहा फूट व्यासाची आणि मधोमध दहा इंच खोल परात १८ गेजच्या पत्र्यातून घडवली, तर तिच्यात तांबं भरतं साधारण ३० किलो. दोघं जण ती सहज उचलून टेम्पोत ठेवतात. तीच परात काठोकाठ भरली की आत सव्वातीनशे लिटर पाणी, म्हणजे सव्वातीनशे किलो. धातूच्या दहापटीहून जास्त. आणि तो धातू किती जाड? सव्वा मिलिमीटर. तेव्हा तीन थरांचं कारंजं उभं करायचं म्हणजे तांबं उभं करायचं नसतंच. पाणी उभं करायचं असतं.

पुण्याबाहेरच्या एका संस्थेच्या अंगणासाठी असं कारंजं घडत होतं. सहा, चार आणि अडीच फुटांच्या तीन पराती एकावर एक, माथ्यावर कमळाचा कळा, सगळी उंची दहा फुटांच्या आसपास. आराखडा एका शिल्पकार बाईंचा. घडाई कसबा पेठेतल्या तांबट आळीत आणि आतला सांगाडा भोसरीच्या एका शेडमध्ये. या तिन्ही ठिकाणी मी जमेल तसे हेलपाटे घातले.

बाईंनी रंगवलेलं चित्र देखणं होतं. आळीतल्या काकांनी ते दोन्ही हातांनी लांब धरून बघितलं आणि म्हणाले, “ताई, चित्र छानच आहे. पण पाणी कुठनं उतरणार ते सांगा आधी.” पुढचे कितीतरी दिवस सगळी चर्चा या एका प्रश्नाभोवतीच फिरत राहिली.

आधी सांगाड्याचं उरकून घेऊ. पाण्याचा भार पत्र्यावर टाकायचा नाही, तर मधल्या खांबावर. खांबाला तीन पातळ्यांवर आडवे हात, त्यांवर कडी आणि कडीवर परात. खांब साध्या लोखंडाचा चालत नाही. तांबं आणि लोखंड ओल्यात एकमेकांना भिडले की लोखंड भराभर गंजतं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचं हेच झालं होतं. तिचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाड, हातोड्याने ठोकून घडवलेला. आतला लोखंडी सांगाडा आयफेलचा. दोन धातूंमध्ये अडसर म्हणून लाखेत भिजवलेलं ॲस्बेस्टॉस घातलं होतं. ते झिजलं, पाणी मुरलं, पट्ट्या गंजून फुगल्या. शेवटी १९८६पर्यंत चाललेल्या डागडुजीत त्या पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घालाव्या लागल्या. भोसरीच्या शेडमधल्या फोरमनला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, पण त्याने न सांगता स्टेनलेसच घेतलं आणि प्रत्येक टेकूखाली रबराची चकती ठेवली. जीआय पाइपला मात्र काकांनी साफ नकार दिला. कारंज्यात तेच पाणी फिरत राहतं. तांब्यावरून आलेलं पाणी जस्ताचा मुलामा असलेल्या या पाइपातून गेलं की पाइपाला आतून भोकं पडायला लागतात, हे त्यांनी जुन्या बंगल्यांच्या गरम पाण्याच्या लायनीत पाहिलेलं.

आता तांबट आळी. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. बंब, घंगाळी, हंडे, तपेली हा इथला पिढ्यानपिढ्यांचा माल. गीझर आला आणि बंब गेला, स्टील आलं आणि हंडा गेला. आता देवळांचे कळस, हॉटेलांची भांडी आणि शोभेच्या वस्तूंवर चूल चालते. आळीत शिरताना आवाज आधी भेटतो. एकाच ठोक्याचा नव्हे, दहा घरांतल्या दहा तालांचा.

सहा फुटांची परात एका पत्र्यातून निघत नाही, कारण बाजारात इतका रुंद पत्रा सहजी मिळत नाही. म्हणून जमिनीवर खडूने पूर्ण मापाचं वर्तुळ काढलं, त्याच्या आठ पाकळ्या केल्या आणि प्रत्येक पाकळी कातरीने वेगळी कापली. मग भट्टी. पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवायचा आणि सरळ पाण्यात बुडवायचा. पोलादाला असं केलं तर ते कडक होतं. तांब्याला पाण्याने काही फरक पडत नाही, ते तापल्यानेच नरम होतं. पाण्यात घालायचं ते लवकर हातात धरता यावं म्हणून आणि वरची काळी खपली सुटावी म्हणून. नरम झालेला पत्रा हाताने वाकतो. तो लाकडी मोगरीने खोलवत न्यायचा, मग मेखेवर घेऊन हातोड्याने. ठोकता ठोकता तांबं कडक होत जातं आणि त्याचा आवाज चढत जातो. काकांचा पुतण्या कानानेच काम करतो. पत्रा टणटण वाजायला लागला की हातोडा खाली ठेवायचा आणि पुन्हा भट्टी. हट्टाने ठोकत राहिलं तर काठाला केसाएवढी चीर पडते. ती एकदा पडली की ती पाकळी भंगारात.

शेवटचं काम मठारण्याचं. मेखेवर धरलेल्या पत्र्यावर गोलसर तोंडाच्या हातोड्याने एकसारखे, एकमेकांना किंचित चढलेले ठोके. त्यातून ती चमचमती खवल्यांची नक्षी उमटते, जिच्यासाठी हल्ली लोक मठारकामाची भांडी घेतात. माझीही समजूत ती नुसती नक्षीच अशी होती. पण खरं कारण वेगळं आहे. प्रत्येक ठोका पत्र्याला थोडा कडक करतो. न मठारलेली परात हाताने दाबली तर आत दबते आणि मठारलेली तशी दबत नाही. शोभा ही त्या कामाची मागाहून आलेली कमाई.

याचा पुरावा सांध्यांपाशी मिळाला. आठ पाकळ्या जोडण्यासाठी पूर्वी पितळी झाळ आणि सवागी वापरायचे; इथे तांबं-फॉस्फरसच्या काड्या आणि गॅसची ज्योत होती. तांबं उष्णता इतक्या झपाट्याने पळवतं की एका जागी ज्योत धरून भागत नाही; एक जण मागून शेगडीने सगळा भाग तापता ठेवतो, तेव्हा कुठे झाळ वाहते. पण झाळेच्या तापाने सांध्याच्या दोन्ही बाजूंचा पत्रा पुन्हा नरम पडतो. म्हणजे आठ कडक पाकळ्या आणि त्यांच्या मधे आठ मऊ पट्टे. परात भरली की हेच पट्टे बसणार. म्हणून सगळे सांधे घासून पुन्हा मठारले. बाईंना सांधा दिसू नये एवढंच हवं होतं, काकांना तो वाकू नये हे हवं होतं. एकाच हातोड्याने दोघांचंही काम झालं.

मग तो काठ. या सगळ्या लेखातलं मला सर्वांत जास्त सांगावंसं वाटतं ते हेच.

चित्रात परातीचा काठ सपाट आणि गोल होता आणि पाणी त्यावरून अखंड पडद्यासारखं उतरत होतं. असा पडदा हवा तर काठावर पाण्याचा किमान पाच-सहा मिलिमीटरचा थर वाहता हवा. सहा फुटी परातीचा घेर पावणेएकोणीस फूट. सहा मिलिमीटर थर धरून हिशेब केला तर मिनिटाला जवळपास ३०० लिटर पाणी लागतं, आणि तेही फक्त काठ ओला ठेवायला. थर त्याहून पातळ झाला की पाणी सुटून पडतच नाही. काठाला वळसा घालून परातीच्या पोटाला चिकटतं आणि खांबावरून खाली ओघळतं. गवंडी छज्ज्याच्या पोटाला खाच ठेवतो ती याच चिकटपणाला तोडायला.

दुसरी अडचण पातळीची. सहा फुटांत परात दोन मिलिमीटर कलली, तर काठावरचा थर एकीकडे सात आणि दुसरीकडे पाच होतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण काठावरून उतरणारं पाणी थराच्या दीड घाताने वाढतं, म्हणून खालच्या बाजूने वरच्या बाजूच्या दीडपटीहून जास्त पाणी जातं. चार मिलिमीटर कलली तर जवळपास तिप्पट. अंगणातल्या फरशीत एवढा फरक घर घेऊन बसतो.

आळीत पाण्याची पहिली चाचणी परातीवर टाकीचा नळ सोडून घेतली, तेव्हा हे दोन्ही दोष एकदम दिसले. अर्ध्या काठाने पाणी धो धो, उरलेला अर्धा कोरडा, आणि पोटाखालून संततधार. बाई गप्प. काकांनी बोटाने काठावर जागा दाखवली. “इथनं, इथनं आणि इथनं सोडू. बाकी काठ वर उचलू.”

काठ कमळाच्या पाकळ्यांसारखा झाला तो असा. चोवीस पाकळ्या वर उचललेल्या, आणि दोन पाकळ्यांमध्ये चार सेंटिमीटर रुंदीची पन्हाळ, टोकाला बाहेर आणि खाली वळवलेली. आता पाणी सगळ्या घेरावर पसरत नाही, चोवीस जागांतून जाडसर धारेने सुटतं. धारेचा थर पंधरा मिलिमीटर मिळतो, तोही मिनिटाला २०० लिटरच्या आत. आणि थर जाड असल्यामुळे तोच दोन मिलिमीटरचा कल आता जेमतेम वीस टक्क्यांचा फरक पाडतो. डोळ्याला कळत नाही. बघणाऱ्याला वाटतं कमळ काढलंय. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजंही सोळा पाकळ्यांच्या कमळाचं आहे, आणि तिथेही अनेक तोंडांना एकाच पाण्याची वाटणी करून द्यायची होती. तिथे पंप नव्हता, तर कात्रजच्या तलावातून नळाने आलेल्या पाण्याचा उतार होता. कमळ आपल्याकडे इतक्या जुन्या कारंज्यांत का भेटतं, याचं देवादिकांपलीकडचंही एक उत्तर असावं असं मला त्या दिवसापासून वाटतं. पुरावा मागू नका.

जागेवरच्या जोडणीचं थोडक्यात सांगतो. प्रत्येक परातीखाली पातळी लावायला तीन बोल्ट. चार का नाहीत? चार पायांचं टेबल डुगडुगतं, तीन पायांची तिवई कधी नाही. फोरमनने पाण्याच्या पारदर्शक नळीने काठाच्या समोरासमोरच्या जागा जोखल्या आणि खांबाला ओळंबा लावला. लेझर होता, पण उन्हात त्याची रेघ दिसेना. पंपाला फार डोकं लागलं नाही. पाच मीटर चढाव धरला, नळीतला अडथळा मोजला, एक हॉर्सपॉवर पुरला. लक्षात ठेवायचं ते वेगळंच. पंप बंद केला की प्रत्येक परातीतलं काठापलीकडचं पाणी खालच्या हौदात उतरतं, म्हणून हौद कायम थोडा रिता ठेवायचा. आणि वाऱ्यात धारा उडतात, त्यामुळे हौदाचा घेर परातीपेक्षा बराच मोठा हवा. इथे तो पुरेसा नव्हता. एप्रिलच्या वाऱ्यात आजूबाजूची फरशी रोज ओली होते आणि माळी त्यावर कुरकुरतो.

रंगाबद्दल संस्थेचा आग्रह होता की तांबं नवं कोरं लखलखीत राहावं. ते शक्य नाही. पाण्याखालच्या भागावर लाखेचा थर टिकत नाही. धारेखालचं तांबं एका रंगाचं होतं, कोरडं पोट दुसऱ्या रंगाचं, आणि बोअरचं जड पाणी असलं तर पन्हाळींच्या टोकाला पांढरी पुटं धरतात. बाईंनी शेवटी गंधकाच्या द्रावणाने सगळं तपकिरी-काळपट करून घेतलं. यापुढे जे बदलेल ते त्यावर बदलेल. हिरवी छटा यायला आपल्या हवेत वर्षं लागतात. आणखी एक गोष्ट त्यांनी लेखी देऊन ठेवली. या हौदात मासे सोडायचे नाहीत. पाण्यात उतरलेलं थोडंसं तांबं शेवाळाला आवरतं, पण तेच माशांच्या जिवावर उठतं.

आता पैशांचं. तांब्याचा व्यवहार किलोवर चालतो. आळीतही भाव किलोचा आणि मजुरीही त्यावरच चढवलेली. घंगाळं-हंड्यांसाठी ते ठीक होतं; माल ठरलेला, हात बसलेला. या कारंज्यात ते हास्यास्पद झालं. सगळ्यात वरची अडीच फुटांची परात वजनाला सहा किलोसुद्धा नाही, पण तिच्या घट्ट वळणाला सर्वांत जास्त वेळा भट्टी लागली आणि सर्वांत जास्त ठोके. कळ्याचं तर विचारूच नका. तराजूवर तो काहीच नव्हता आणि पुतण्याची दोन्ही मनगटं त्याने सुजली. हिशेबाच्या दिवशी संस्थेचा माणूस वजनकाटा घेऊन आला. काकांनी वाद घातला नाही, फक्त पाण्याचा नळ सोडून दाखवला. चोवीस धारा एकसारख्या पडत होत्या. मजुरी थोडी वाढली, हवी तितकी नाही.

तेव्हा कुणाच्या मनात असं काही घडवून घ्यायचं असेल, तर तीन गोष्टी. चित्र मंजूर करण्याआधी ते तांबटाला दाखवा आणि पाणी कुठून सुटेल ते त्याच्याकडून ऐका. पंपापर्यंत हात पोचेल अशी झडप ठेवा आणि महिन्याला पन्हाळी पुसायला एक माणूस नेमा. आणि घडाईची मजुरी दिवसावर ठरवा, किलोवर नको.