ख्रिस्ती घरातली रोजची प्रार्थना : भाकर आजची, पण माफी आधी

हरेगावची मतमाउलीची यात्रा श्रीरामपूर, राहुरी, नेवासा भागात सगळ्यांना ठाऊक आहे. पण यात्रा आणि रविवारचं चर्च सोडलं, तर इतर दिवशी ख्रिस्ती घरात काय चालतं?

जेवणाआधी दोन शब्दांत देवाचे आभार. रात्री सगळे मिळून प्रार्थना. कॅथलिक घरांत रोझरीची माळ फिरते. इतरांकडे बायबलचा उतारा वाचतात, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणतात. पेटी असली तर उत्तमच.

दोन्हीकडे येशूने शिकवलेली 'प्रभूची प्रार्थना' म्हणतात. ती मत्तयच्या शुभवर्तमानात 6व्या अध्यायात आहे. तीत भाकर मागायची ती आजच्यापुरती, कणगीभर नाही. अवघड भाग त्यापुढे आहे. आम्ही दुसऱ्याला सोडलं, तसं तू आम्हाला सोड, असं देवाला म्हणायचं. मराठी बायबलात इथे शब्दच 'ऋण' असा आहे! आता बांधावरून भावाशी अबोला धरलाय आणि तोंडाने हे म्हणतोय, तर माणूस आपल्याच बोलण्यात अडकतो. येशूने तर सांगितलंय, की अर्पण घेऊन वेदीपाशी आलात आणि भावाचं मन आपल्यामुळे दुखल्याचं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवा. आधी त्याच्याकडे जा, समेट करा, मग परत या.